छातीतल्या धडधडीचं चित्र

प्रिय उषा,

दर रविवारी फोनवर तासभर बोलतो आपण, मग हिला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच हसवतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

बरकतपुऱ्यातली आपली दोन खोल्यांची जागा आठवते? तू सरकारी दवाखान्यात मनोविकारांची नवी डॉक्टर, मी मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई. संध्याकाळी चहा घेताना तू वैतागायचीस, "समजावू कसं गं? निम्म्यांना तेलुगू कळतं, निम्म्यांना उर्दू, आणि माझ्या तोंडात परभणीची मराठी!" एकदा म्हणालीस, "नीलू, तूच काढून दे." मग मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर खडूंनी काढत बसले. उदासपणाचं काढलं ते भर उन्हाळ्यात जाड रजईखाली दबलेली बाई, आणि भोवती 'ऊठ, ऊठ' म्हणणारे घरचे. ते बघून एक सासू तुझ्यासमोर रडली होती.

पण मला आठवतात ते अफझलगंजचे करीमचाचा, शिंपी. खिशात चार ईसीजी घडी घालून फिरायचे. हृदय ठणठणीत आहे असं तू तीनदा सांगितलंस, तर त्यांना वाटलं, मेडम लपवतायत. त्या दिवशी माझी शाळा अर्धीच होती, मी तुझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. तू माझं चित्र पुढं केलंस. धडधडणारी छाती, मग 'आता मी मरणार' हा विचार, मग घामेजलेले तळहात, मग आणखी धडधड, असे बाणांनी जोडलेले गोल. चाचांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. "तो ये चक्कर मैंच घुमारूं क्या, मेडम?" तू मोडक्या उर्दूत सांगितलंस की मुद्दाम नाही फिरवत तुम्ही, पण कुठं थांबवायचं ते दोघं मिळून बघू. जाताना चारही ईसीजी ते तुझ्या टेबलावर ठेवून गेले. पुढच्या महिन्यात आपल्या दोघींसाठी अंदाजानं ब्लाउज शिवून आणले. तुझा खांद्यावरून घसरायचा, तरी पिना लावून घातलास.

चाचांनी चित्र बघितलं त्या रात्री तू विचारलंस, "तळहातांना घाम फुटतो हे तर मी सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, कुठंतरी वाचलं होतं.

खोटं होतं ते, उषा. त्या वर्षी आठवड्यातून दोनदा मी बसमधून मध्येच नारायणगुड्याला उतरायची, आता संपलं असं वाटून. तुला सांगायची, गर्दी होती, चालत आले. दिवसभर रोगी बघून आलेल्या तुला आणखी एक कशाला, असं वाटायचं. आणि अरविंदशी माझं लग्न जमत होतं, तिकडं कळलं तर? पुढं लग्न झालं, तू पुण्याला गेलीस. माझं कधी कमी झालं, कधी वाढलं. लिफ्ट नको, सिनेमा नको, लोक म्हणायचे नीलिमाची खोड, मीही तेच म्हणायला लागले.

गेल्या महिन्यात रेणूच्या मुलाचं बारसं होतं, सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. गुडघ्यांनी जिने होत नाहीत. लिफ्टच्या दारातून मी परत फिरले, रिक्षा करून घरी आले. रेणूला वाटलं, आईला माझ्या सासरच्यांचा राग आला. तेव्हापासून ती बोलत नाही. नातवाचं नाव मला अरविंदकडून कळलं.

म्हणून सोमवारी एकटीच हिमायतनगरच्या एका मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेले. आपल्या रेणूएवढी मुलगी आहे. तिनं विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे, आंटी?" म्हटलं, कुणालाच नाही. ती म्हणाली, पुढच्या वेळी यायच्या आत एका माणसाला सगळं सांगा. अरविंद शेजारच्या खोलीत पेपर वाचतोय. दोनदा गेले आणि चहा घेणार का, एवढंच विचारून परत आले. म्हणून पहिली तू. हे पत्र टपालपेटीत टाकून आले की त्याला सांगेन, मग रेणूकडे जाईन. तिच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण जाईन.

तुझीच,
नीलू