झाकण घट्टच होतं

प्रिय धाकट्या,

लिफ्ट दुरुस्त करायला वर चढतोस तेव्हा कमरेला पट्टा बांधतोस ना? बाकीची खुशाली मागाहून विचारते. चार वर्षं तुझ्या वाढदिवसाला दोन ओळी पाठवून मी मोकळी होत आले. आज मात्र बसून लिहितेय. मंगळवारी घरात जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

आपला धंदा तसाच चाललाय. सकाळी शेजारपाजारचे रिकाम्या बाटल्या नि कॅन घेऊन दारात उभे राहतात आणि बाबा नळीने वाइन भरून देतात. लेबल अजून नाहीच. मागे मी छापखान्यातून एक नमुना आणला होता, तर म्हणाले, "कागद चिकटवला की लोक कागद पितात. मी वास घेऊन देतोय ना, मग झालं." गिऱ्हाइकंही त्याच भरवशावर येतात. उरलेला सगळा माल वर्षातून एकदा टोपीवाले नेतात आणि स्वतःचं लेबल लावून विकतात. आई म्हणायची, यांच्या डोक्यावर टोपी कधी दिसत नाही, कारण ती ते दुसऱ्यांना घालतात. पण आपल्याशी माणूस सरळ वागला. वीस वर्षं नुसत्या बाबांच्या शब्दावर माल उचलला, पेला कधी स्वतःच्या नाकाला लावला नाही.

यंदा पिंपं भरायच्या आठवड्यात मी नेमकी तापाने आडवी झाले, ती तीन आठवडे उठले नाही. बाबांची पद्धत तुला माहीत आहे. रिकाम्या पिंपात डोकं घालायचं, आत आंबूस वास नाही याची खात्री करायची आणि मगच भरायचं. या वेळी त्यांनी बाराच्या बारा पिंपं एकट्याने निवडली, भरली आणि बंद केली. महिनाभर कुणी उघडली नाहीत.

मंगळवारी सकाळी टोपीवाले स्वतः टँकर घेऊन आले. मी तळघरात उतरले तेव्हा सहा पिंपं रिकामी झाली होती, पंप घरघरत होता. बाबा प्रत्येक पिंपातून पेलाभर वाइन काढायचे, नाकाशी धरायचे आणि "येऊ द्या" म्हणायचे. सातव्या पिंपाचं बूच निघालं आणि मी जिन्यातच थबकले. वाइनचा वास नव्हता तो, सिरक्याचा होता. बाबांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही यंदाची सगळ्यात उत्तम. येऊ द्या."

टोपीवाल्यांच्या माणसाने पाइप उचलला. ते एक पिंप टँकरमध्ये गेलं असतं तर आधीची सहाही नासली असती, आणि वीस वर्षांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला असता. ओरडावं तर परक्या माणसासमोर बाबांची अब्रू जाणार. पाइपचं तोंड पिंपात गेलं तशी मी धावले आणि पंपाची वायर भिंतीतून ओढून काढली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बाबा कडाडले. मी म्हटलं, हे पिंप द्यायचं नाही, बिघडलंय. "तापातून उठलीयस, तुझ्या तोंडाला चव नाही आणि मला शिकवतेस?" मग टोपीवाल्यांनी बाबांच्या हातातला पेला काढून घेतला. हुंगला. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. हळूच म्हणाले, "अहो, हे तुम्हाला जाणवलं नाही?"

बाबांनी पेला परत घेतला. पुन्हा नाकाशी धरला, इतका वेळ की मला बघवेना. मग पेला पिंपावर ठेवला आणि म्हणाले, "नाही. पाच वर्षं झाली, मला कशाचाच वास येत नाही." तिथेच पायरीवर बसले. मान खाली घालूनच बोलले, "त्या वर्षी पोराने झाकण घट्टच लावलं होतं. पिंपच आतून आंबलेलं होतं. मीच निवडलं होतं ते."

टोपीवाल्यांनी बाकीची पाच पिंपं स्वतः हुंगून नेली. जाताना मला म्हणाले, पुढच्या वर्षी तू सांगशील तेच पिंप उचलीन. ज्या शब्दाची मी आयुष्यभर वाट पाहिली तो असा मिळाला, आणि घशाखाली उतरेना.

कारण मला हे माहीत होतं, धाकट्या. तुझ्यावर आळ आला त्याच्या दोन महिने आधी स्वयंपाकघरात दूध करपून धूर झाला होता आणि बाबा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. त्यानंतर रोज सकाळी ते माझ्यापुढे पेला धरायला लागले, "सांग, कसला वास येतोय?" मी शिकतेय असं ते दाखवायचे, आणि मला ते चालत होतं. तोवर त्यांनी मला कधी काही विचारलंच नव्हतं. धंदा पोरगाच बघणार, हे ठरलेलं. ज्या दिवशी "झाकण सैल ठेवलंस, पिंप घालवलंस" म्हणून त्यांनी तुला घराबाहेर काढलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते झाकण मीच तपासलं होतं. हाताने फिरेना इतकं घट्ट होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आठवतं? मी बाटल्या विसळत राहिले.

बाबा शनिवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघताहेत. तुला कळवू नको म्हणालेत, तू दार उघडणार नाहीस अशी त्यांना धास्ती आहे. ते येऊन आपली चूक कबूल करतील आणि सगळा दोष स्वतःवर घेतील, कारण माझं त्यांना ठाऊक नाही. म्हणून हे पत्र त्यांच्या आधी पोचायला हवं. त्यांना आत घे. माझ्या बाबतीत काय करायचं ते तू ठरव.

अजून तुझीच म्हणवून घ्यायची हिंमत करणारी,
ताई