चारशे मीटर, माप पूर्ण

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी साडेपाचला उठलो. चहा केला. आठ वाजता तलावावर पोचलो. साठीच्या पुढच्या गटात चारशे मीटर पोहलो. तिसरा आलो. दीड वाजता जेवलो. आता लिहायला बसलो आहे.

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुझा खोकला गेला असेल अशी आशा करतो. गेला नसेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध बेसिनला न पाजता स्वतः घे. (ही तुझी जुनी सवय तुझ्या ताईनं मला सांगून ठेवली आहे.) साडूंच्या गुडघ्याची चौकशी केली आहे असं गुडघ्याला सांग.

मागे फोनवर तू म्हणालीस, "भावोजी, असेच घरात बसून राहिलात तर भिंतींबरोबर तुम्हालाही रंग द्यावा लागेल." मी फोनवर नुसता श्वास घेतो अशी तुझी तक्रार आहेच. तेव्हा उत्तर लेखी देतो. वरच्या चार ओळी पुन्हा वाच. तिसरा आलो.

तुला माहीत आहे, पोहणारी तुझी ताई होती. एकोणीस वर्षं ती रोज चाळीस फेऱ्या मारायची आणि मी पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून तिचा चष्मा सांभाळत फेऱ्या मोजायचो. ती भिंतीपाशी आली की मी आकडा सांगायचो. (माझ्या टोकाला फक्त विषम आकडे येत. एक, तीन, पाच. सम आकडे अलीकडच्या टोकाला पडत, त्यांच्याशी माझा संबंध आला नाही.) ती गेल्यावर चार महिन्यांनी मी तिच्या कप्प्याची किल्ली परत द्यायला गेलो. तिथल्या प्रशिक्षक बाईंना सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण त्या शिट्टी तोंडात ठेवूनच बोलतात. त्यांनी किल्ली घेतली नाही. म्हणाल्या, "कार्ड दोघांचं आहे काका. एकोणीस वर्षं काठावर बसलात, आता एकदा ओले व्हा." मी सांगितलं की मला पाण्याची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "पाण्याचं तुमच्याशी काही वैर नाही. उतरा."

पहिला महिना मी कठडा धरून उभा होतो. दुसऱ्या महिन्यात कठडा सोडला आणि अर्धा तलाव प्यायलो. डोक्याला टोपी लागते म्हणून तिच्या कप्प्यातली घातली. ती पिवळी आहे आणि तिच्यावर रबराची फुलं आहेत, पण मापाला बरोबर बसली, आणि माप बसत असताना दुसरी वस्तू आणणं मला पटत नाही. तेव्हापासून तिथे मला 'फुलवाले काका' म्हणतात. चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. मला पाहून दुकानदार तराजूखालचे चुंबक खिशात घालायचे. आता मला पाहून लोक फुलं मोजतात. (बावीस आहेत. एक पडलं आहे.)

सवय जात नाही. स्पर्धेत नाव दिल्यावर मी घरची पोलादी टेप नेऊन तलाव मोजला. एक टोक शिट्टीबाईंना धरायला लावलं. पंचवीस मीटर लिहिलेला तो तलाव चोवीस मीटर शहाण्णव सेंटिमीटर भरला. तीनदा मोजला. मागच्या वर्षी फरशा बदलताना भिंत चार सेंटिमीटर पुढे आली आहे. म्हणजे सोळा फेऱ्यांत चौसष्ट सेंटिमीटरची तूट! शिट्टीबाई म्हणाल्या, "काका, चौसष्ट सेंटिमीटरनं कुणाचं काय अडलंय?" हेच वाक्य मी चौतीस वर्षं गल्ल्यापलीकडून ऐकत आलो आहे.

आज माझ्या गटात तिघे होते. एक निवृत्त दंतवैद्य, एक उंच गृहस्थ आणि मी. बंदुकीच्या आवाजावर उडी मारायची असते. मी आधी आवाज कसला ते पाहिलं आणि मग उडी मारली. दंतवैद्य गेले ते गेलेच. मी मात्र एका चालीनं, बेडकाच्या पद्धतीनं पोहत राहिलो आणि कुठेही दोरी धरली नाही. हे नीट लिहून घे. एकदाही धरली नाही. सोळा फेऱ्या झाल्यावर सगळे टाळ्या वाजवू लागले, शिट्टीबाई शिट्टी फुंकू लागल्या आणि मी भिंतीला हात लावून परत निघालो. चौसष्ट सेंटिमीटर बाकी होते ना! तेवढ्यासाठी मधे थांबायला भिंत नाही, म्हणून सतरावी फेरी पूर्ण केली. टॉवेल अलीकडे होता, म्हणून अठरावी.

बाहेर आल्यावर मुख्य पंचांना मी सगळा हिशेब समजावला आणि प्रशस्तिपत्रावर अंतर दुरुस्त करून मागितलं. ते म्हणाले, "काका, तुमचा नंबर सोळाव्या फेरीलाच लागलाय. पदक घ्या आणि आधी बसा." सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद. आयुष्यात मी कुणाकडून कमी माप घेतलं नाही आणि आज कुणाला कमी दिलंही नाही. पदक टेबलावर आहे. वजन करून पाहिलं, पासष्ट ग्रॅम.

साडूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
भावोजी

ता. क. : टेप खोटं बोलत नाही, चार सेंटिमीटर खरेच कमी आहेत. पण त्या अठरा फेऱ्या मी तेवढ्यासाठी मारल्या नाहीत. ते कारण मला पाण्याबाहेर येताना सुचलं. खरं असं की नवव्या फेरीला पलीकडच्या भिंतीपाशी डोकं वर काढलं आणि कुणी 'नऊ' म्हणेल म्हणून थांबलो. तिथे खुर्ची होती. त्यानंतर किती झाल्या ते मला कळलं नाही. म्हणून पोहत राहिलो, कमी पडायला नको.

ता. क. २ : डिसेंबरात आठशे मीटर आहे. बत्तीस फेऱ्या. त्याच्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'फेऱ्या मोजणारी व्यक्ती, नाव व नाते'. आजच्या स्पर्धेच्या फॉर्मवर तो मी कोरा सोडला होता. डिसेंबरात कोरा चालणार नाही, असं शिट्टीबाई म्हणाल्या. तुझं नाव घालू का? पोहता यायची गरज नाही, मलाही एकोणीस वर्षं येत नव्हतं. फक्त विषम आकडे म्हणायचे, जरा मोठ्यानं. तुमचा दोघींचा आवाज सारखा आहे, हे तुला पूर्वी कुणी सांगितलं असेलच.

ता. क. ३ : घाईनं उत्तर देऊ नकोस. फॉर्म तीस तारखेपर्यंत आहे. टोपी वाळली आहे. आतून पावडर लावली नाही तर रबर चिकटतं, ते करून घेतो.