उंदराच्या पोटात बॅटरी

२ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पण उद्या कंपनी मोठी झाली की सुरुवात कशी झाली हे निदान मला तरी आठवायला हवं.
कंपनीचं नाव ठरलं. जगन ई-सायकल, माझ्याच नावावरून. तुमची साधी सायकल आणा, इलेक्ट्रिक करून न्या. खास चढाच्या रस्त्यांसाठी. हेड ऑफिस हमरापूर (आमची ओटी). शाखा रोहा-अष्टमी (सासूबाईंची पडवी. त्यांना अजून सांगितलेलं नाही).
एकही सायकल अजून केलेली नाही. पण नाव झालं की अर्धं काम होतं.

३ ऑगस्ट
बायकोचा, म्हणजे नम्रताचा, भाऊ प्रणित येऊन गेला. डोलवीला कंपनीत सुपरवायझर आहे, आणि हे विसरू देत नाही. माझ्यासाठी तिथे काम बघून ठेवलंय म्हणे. पहिली शिफ्ट. म्हणजे पहाटे उठायचं! नम्रता इतकी खूश झाली की त्याच्या चहात साखर दोनदा पडली. मला बिनसाखरेचा.
मी शांतपणे सांगितलं की मी आता उद्योजक आहे. प्रणितने विचारलं, भावजी, कसला उद्योग? मी म्हटलं, वेळ आली की कळेल. तो म्हणाला, तुम्हाला पन तवाच कलंल.
अपमान. नोंद घेतली.

५ ऑगस्ट
नम्रता जोह्याला काळुरामशेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. दरवर्षी माहेरच्या गणपतीचे डोळेही तीच आखते आणि प्रणित ती मूर्ती टेम्पोने रोह्याजवळच्या अष्टमी गावाला नेतो. आज जेवताना मी जाहीर केलं, यंदा बाप्पा माझ्या इलेक्ट्रिक सायकलवरून जाणार. नागोठण्यापुढची अख्खी भिसे खिंड चढून.
नम्रताने घास खाली ठेवला. मग तिचा निर्णय: सायकलवरून मूर्ती अष्टमीला पोचली तर डोलवीचं नाव काढणार नाही. नाय पोचली तर गौरी-गणपती झाले की पहिली शिफ्ट. वर म्हणाली, आणि मूर्तीला नुसतं खरचटलं ना, तर आईला तोंड दाखवू नका.
मान्य. पहाटे उठण्याचा प्रश्न कायमचा मिटला.

७ ऑगस्ट
पेणला जाऊन किट आणलं. मोटरचं चाक, बॅटरी, वायरी. दुकानदाराने स्टँडवर लावलेल्या सायकलचं पायडल हाताने फिरवून दाखवलं. मागचं चाक भिर्रर्र! मी एका क्षणात ओळखलं. मोटरसायकलसारखी किक. तो पुढे काहीतरी समजावत होता, पण मी म्हटलं, कळलं. जास्त बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.
माझी सायकल गंजून गेलीय, म्हणून नम्रताची घेतली. ती आता जोह्याला चालत जाईल. चालणं तब्येतीला चांगलं, असं तिला सांगितलं. तिने कोपऱ्यातली छत्री काढली. म्हणजे संमती.

१० ऑगस्ट
चाक बसवलं. उलटं बसलं होतं. रिव्हर्स गिअर देता येईल का, हा विचार पुढेमागे करायचा.

११ ऑगस्ट
ऐतिहासिक दिवस. पहिली ट्रायल. सीटवर बसलो, किक मारली, पाय वर घेतले. सायकल आपोआप निघाली! शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत गेली आणि थांबली. परत किक, परत निघाली, गोठ्यापाशी थांबली.
आधी वाटलं, बिघाड. नीट विचार केल्यावर लक्षात आलं की ही बॅटरीची बचत आहे. गाडी उगाच पळत राहत नाही. गिऱ्हाइकांना हे इकॉनॉमी मोड म्हणून सांगायचं.
डावी पोटरी दुखतेय. तेल लावलं.

१४ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. बॅटरी भिजली तर संपलं. विकतचे डबे बघितले, एकातही दम नाही.
मग डोकं चाललं. गणपती आतून पोकळ असतात, तर उंदीरही असणारच! काळुरामशेठकडे गेलो. मोठ्या मंडळाच्या मूर्तीचा एक उंदीर कोपऱ्यात पडला होता, वासराएवढा, कान तडकलेला. शेठ म्हणाला, घे रे बाबा, नायतरी पडूनच हाय. पण पीओपी हाय हा, पानी पितो. मी म्हटलं, रंग दिलाय ना? झालं तर मग.
कॅरिअरवर उंदीर, उंदराच्या पोटात बॅटरी. पेणमध्ये जन्मल्याशिवाय हे सुचत नाही.

१७ ऑगस्ट
उंदराला डोळे नव्हते. नम्रता आधी म्हणाली, माझा काय संबंध? संध्याकाळी स्वतःच ब्रश घेऊन बसली. म्हणे, आंधला कुठं रस्त्यावर काढता! डोळे झकास झालेत. फक्त तो सारखा माझ्याकडेच बघतो, आणि ती नजर मी ओळखतो. घरात रोज बघतो.

२१ ऑगस्ट
चढावर ट्रायल घ्यायची होती. घेतली नाही. कारणं: पाऊस, पोटरी, आणि चढ म्हणजे शेवटी तिरका रस्ताच. त्यात बघण्यासारखं काय आहे?
मूर्ती तयार झाली. एक फुटाची, शाडूची. नम्रता तिच्या डोळ्यांकडे किती वेळ बघत बसली होती. म्हणाली, आईला ह्या वर्षीचे आवडतील. मला एकदम भीती वाटली. पण क्षणभरच.

२४ ऑगस्ट, सकाळी सात
निघालो. पुढच्या बास्केटमध्ये पेंढा, पेंढ्यात बाप्पा, तोंडावर रुमाल, वरून प्लास्टिक. मागे उंदीर. नम्रता म्हणाली, मी दुपारच्या एसटीने आईकडं जाते, आधी पोचला तर भाकरी खाऊन घ्या. आधीच पोचणार, हे तिलाही माहीत आहे.

वडखळ
रस्ता सपाट. किका किती मारल्या ते विचारू नये. पण प्रतिसाद जबरदस्त! फुलवालीने उंदराला जास्वंद वाहिलं. एका आजींनी कानात काहीतरी सांगितलं, तडकलेल्याच कानात. बाजारात मागणी आहे.
डोलवीच्या शिफ्टमधून सुटलेली पोरं हसत होती. कामावर जाणाऱ्यांना स्वातंत्र्य बघवत नाही.

नागोठणे
दोन्ही पोटऱ्या गेल्या. बसून राहिलो तर चार जण आले. सायकलवर गणपती बघून मोरया मोरया करत मला बाजारातून ढकलत बाहेर काढलं. हा मॅन-पॉवर मोड.

भिसे खिंड, दुपार
इथे किक मारली की सायकल हातभर वर जाते. पाय वर घेतले की दोन हात खाली येते. हिशेब माझ्या बाजूने नाही. पाऊस धो धो. उंदराचा कान पडला. रंग उतरून पाठीवर ओघळ आलाय. मोटरमध्ये नक्कीच दोष असणार. दुकानदाराने फसवलं. नाहीतर बॅटरी. नाहीतर रस्ता.
बाप्पा कोरडे आहेत. तेवढं तीनदा बघितलं. खरं सांगायचं तर रडू आलं. पाऊस होता म्हणून बरं.
रोह्याची एसटी येतेय.

२५ ऑगस्ट, अष्टमी
कालचं लिहून काढतो.
एसटी थांबली. खिडकीत नम्रता. ती उतरली, आधी प्लास्टिक उचलून मूर्ती बघितली, मग उंदीर, मग मी. रागावली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, बाप्पाला घेऊन तुम्ही गाडीत बसा. माझी सायकल मी आणते. मी तिला बजावलं, चढणार नाही, यंत्र नादुरुस्त आहे. तिने पदर खोचला.
मी एसटीत, मांडीवर बाप्पा. कंडक्टरने बाप्पाला नमस्कार करून सीटवर बसवलं आणि मला ओला म्हणून उभं राहायला सांगितलं. वरच्या वळणावर रस्त्याचं काम चालू, गाडी थांबलेली. एवढ्यात मागून घंटी. खिडकीतून बघतो तर नम्रता, मागे एका कानाचा उंदीर, चढावरून सुसाट! आमच्या बाजूने निघून गेली. उंदराने जाताना माझ्याकडे बघितलं.
अष्टमीला पोचलो तेव्हा ती केस पुसत बसली होती. सासूबाई पुतळीबाई दारात आरती घेऊन उभ्या. आधी बाप्पाला ओवाळलं, मग सायकलला. मग म्हणाल्या, जावयांना टॉवेल दे गो.
प्रणितने विचारलं, चढली कशी? नम्रता म्हणाली, मला काय ठाव? मी आपली रोजच्यासारखी पायडल मारत गेली. मारत ऱ्हायलं की ती वडते, थांबलं की थांबते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रणित इतका हसला की त्याला पाठीवर थाप मारून पाणी द्यावं लागलं.
मी खुलासा केला की डिझाइनच तसं आहे. फक्त मी चालकाच्या भूमिकेतून नव्हे, मालकाच्या भूमिकेतून बघत होतो.
आणि मूर्ती सायकलवरून बरीचशी आलीच आहे, हाही मुद्दा मांडला. सासूबाईंनी रुमाल काढून डोळे बघितले आणि नम्रताला जवळ घेतलं. माझा मुद्दा तिथेच राहिला.

२ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. कारखान्यातल्या बायकांनी नम्रताला विचारलंय, आमच्या पन सायकली अशा करून मिलतील काय? मी लगेच दरपत्रक करायला बसलो. नम्रता म्हणाली, चाकं मी लावीन. तुम्ही उलटी लावता.
उंदीर पावसात पार फुगून बसला. काळुरामशेठने बघून नुसते हात जोडले. बॅटरी आता डब्याच्या पिशवीत, पुढच्या बास्केटमध्ये असते. पिशवी भिजत नाही. हे आधी कुणी सांगितलं नाही.

४ सप्टेंबर, पहाटे
पहिली शिफ्ट. तात्पुरती. उद्योजकाला कामगारांचा अनुभव लागतोच.
कंपनीची बस फाट्यावरून सुटते. पोटऱ्या अजून धरलेल्या, चालवत नाही. नम्रताला म्हटलं, फाट्यापर्यंत सोडतेस का? तिने सायकल काढली. कॅरिअरवर उंदराची जागा रिकामी होती, तिथे बसलो.
म्हणाली, घट्ट धरा, आणि पाय वर घ्या.
तेवढं मला जमतं.