पालखी खांद्याला टेकली पाहिजे

अँटिग्वा, १९ जानेवारी

प्रिय अंपारोताई,

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू स्वतः तर काही कळवत नाहीस. इथे ठीक आहे. फुएगो ज्वालामुखी परवापासून धुमसतोय, त्यामुळे पत्र्यावरची राख झाडून झाडून हात दुखले. शाळा सुरू झाल्या, म्हणून घरभर शिवायला आलेले गणवेश पसरले आहेत. जेवायच्या टेबलावरसुद्धा बाह्या पडल्या आहेत.

तुझ्या लेकीचा, नोएमीचा फोन आला होता. डॉक्टरने तुला गुडघ्यासाठी पर्सनल ट्रेनर लावायला सांगितलाय म्हणे, आणि तू तिला म्हणालीस, ‘तेंचाला विचार, तिने लावलीय ना एक, काय काय होतं ते सांगेल.’ मला स्वतः विचारलं असतंस तर तुझी जीभ झडली असती बहुतेक. असो. बहिणीने विचारलंय, तर सांगते.

पहिली गोष्ट, पहिल्या दिवशी व्यायाम वगैरे काही होत नाही. माझी ती यादिरा आली, शिवणाच्या खोलीत ऐसपैस बसली, माझ्या कॉफीत माझीच बिस्किटं बुडवून खाल्ली आणि प्रश्न विचारत सुटली. झोप किती, पाणी किती, पोट साफ होतं का, मशीनवर कशी बसता. मी म्हटलं, “अगं बाई, तुला व्यायामाला बोलावलंय, कबुलीजबाब घ्यायला नाही.”

“हेही तसंच असतं, राणीसाहेब,” ती म्हणाली. “फक्त माझ्याकडे माफी मिळत नाही.”

मग तिने मला बाजूने उभं करून फोटो काढला. ताई, तो फोटो मी बघितला. मला वाटलं आई उभी आहे. शेवटच्या वर्षातली आई, मान पुढे, खांदे कानांपासून गळून खाली आलेले. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, कॅमेरा वाकडा आहे.

दुसरी गोष्ट, वजनं उचलायला मिळतील या भ्रमात राहू नकोस. मला मिळाली भिंत. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, आणि उभं राहा. माझं डोकं भिंतीला टेकेचना. रोज सकाळी अंगणात मी भिंतीला चिकटून उभी, आणि शेजारची दोन्या चाबेला माडीवरून विचारणार, “काय गं तेंचा, आज कसली शिक्षा?” नोव्हेंबर भिंतीत गेला, डिसेंबर भिंतीत गेला. नाताळात सगळे तामाल खात होते आणि मी हात वर करून भिंतीवर घासत होते.

तिसरी गोष्ट, या लोकांच्या शब्दांवर जाऊ नकोस. ‘शेवटचं एकदा’ म्हणजे अजून बरंच आहे. ‘छान’ म्हणजे वाईट. ‘जरा ताण जाणवेल’ म्हणजे दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होणार नाही. शिवाय ती उशिरा येते, च्युइंगम चघळते, आणि माझे गुडघे थरथरत असताना होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर पडद्यांच्या रंगावरून भांडते. मी मध्येच ओरडले, “हिरवे घे आणि मला सोडव.” तिने पिवळे घेतले.

तू म्हणशील, एवढी कटकट आहे तर तिला काढून का टाकत नाहीस. साखर वाढलीय, डॉक्टरने सांगितलंय, म्हणून चाललंय सगळं.

साखरेचं खोटं आहे. माझी साखर उत्तम आहे.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. गेल्या गुड फ्रायडेला आपली पाळी संपून, शोकमातेची पालखी पुढच्या तुकडीच्या खांद्यावर देऊन आपली तुकडी कोपऱ्यावर बाहेर पडली, तेव्हा हातमोजे काढत, सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस, “हिचं काय, ही फिरायला आली होती. दोघींचं ओझं मी वाहिलं.” तेव्हापासून आपण बोललो नाही. मला राग आला तो तू खोटं बोललीस म्हणून नाही, ताई. तू खरं बोललीस. बुटक्या खांद्यावरून पालखी नुसती तरंगत जाते आणि शेजारच्या उंच खांद्यावर सगळा भार पडतो, हे मला का माहीत नाही? त्यासाठीच तर दोन्या रेफुहिओ दरवर्षी काठी लावून प्रत्येकीच्या खांद्याची उंची घेते आणि एका उंचीच्या बायका एका तुकडीत घालते. पण मशीनवर वाकून वाकून माझा खांदा खाली आला, तेव्हा माप देताना माझ्या कानात ‘टाचा उचल, काळ्या झग्याखाली कोण बघतंय’ असं कोण म्हणालं होतं? तूच ना? तुझ्याशेजारची जागा सुटू नये म्हणून मी उचलल्या. आणि मग चारचौघांत तूच मला उघडं पाडलंस.

तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या दिवशी पूर्ण रस्ताभर मी बोटांनी दांडी चाचपत चालले होते. भुशाच्या रांगोळ्यांच्या कडेला लोक गुडघे टेकत होते, माझ्याकडे बघून डोळे पुसत होते, आणि माझ्या खांद्यावर काहीही नव्हतं. आई गेल्यापासून वर्षातून तेवढ्याच एका दिवशी मला वाटायचं, आपण कोणासाठी तरी काही उचललं. तेही गेलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

म्हणून ही भिंत. या वर्षी मला टाचा जमिनीवर ठेवून तुझ्या शेजारी उभं राहायचं आहे, आणि पालखी माझ्या खांद्याला टेकली पाहिजे. यादिराला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय, मला उंच कर.

गुडघ्याला गरम कपड्याने शेकत जा. तुमच्या त्या केत्साल्तेनांगोच्या थंडीत उघड्या पायांनी फिरू नकोस.

अजून राग न गेलेली,
तुझी तेंचा

*

अँटिग्वा, ३ मार्च

प्रिय ताई,

तू पाठवलेलं चॉकलेट बसवाल्याने आणून दिलं. डबा उलटा करून पाहिला, आत चिठ्ठी नव्हती. चॉकलेट चांगलं होतं. अर्धं यादिराने संपवलं, आणि वर मला साखरेवर भाषण दिलं.

काल माप झालं.

चर्चच्या सभागृहात ही मोठी रांग. यादिराला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि दाराशी च्युइंगम चघळत उभी राहिली. माझा नंबर आला. मी टाचा टेकवल्या, मान वर ओढली, खांदे मागे सोडले, जसं त्या भिंतीने शिकवलं होतं तसं. दोन्या रेफुहिओने काठीवरची आडवी पट्टी खाली सरकवली. पट्टी खांद्याला लागली, आणि ती म्हणाली, “अगं, गेल्या वर्षी तर तू इथपर्यंत होतीस. बुटकी झालीस की काय?”

मागच्या बायका हसल्या. तिचं बोट माझ्या खांद्याच्या वर होतं. फक्त दोन बोटांचा फरक, ताई. टाचा जराशा उचलल्या असत्या तर भागलं असतं, आणि झगा लांबच होता. यादिरा माझ्या पायांकडे बघत होती. मी टाचा उचलल्या नाहीत. दोन्या रेफुहिओने मला कमी उंचीच्या तुकडीचं कार्ड दिलं.

बाहेर येऊन मी यादिरावर सगळा राग काढला. म्हटलं, “इतके महिने भिंतीला उभं केलंस आणि हे हाती आलं? मी उंच कर म्हणाले होते.”

“आणि मी म्हणाले होते, सरळ करते,” ती म्हणाली. “उंच करते असं नाही म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“तू हळू बोललीस.”

“हो, मुद्दाम हळू बोलले. मोठ्याने सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी ट्रेनर बघितली असती.”

मी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आज सकाळी ती नेहमीप्रमाणे उशिरा आली, आणि मीही दार उघडलं. काय करणार. त्या फोटोत आई दिसत होती, आता मी दिसते. तेवढं तिचं मान्य करावं लागतं. पण तू ट्रेनर लावशील तेव्हा पहिल्याच दिवशी विचार की काय काय होणार नाही, आणि उत्तर मोठ्याने द्यायला लाव.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. तिच्याशी भांडून मी घरी आलेच नाही. परत आत गेले, कारण मला रडू येत होतं आणि रस्त्यात रडायचं नव्हतं. दोन्या रेफुहिओ काठी आवरून ठेवत होती. म्हणाली, “तुझी बहीण गेल्या महिन्यात माप देऊन गेली. शेजारची जागा तेंचासाठी ठेवा, असं बजावून गेली. आता तिथे कोणाला घालू?”

तू इथे येऊन गेलीस. माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. दारही वाजवलं नाहीस, आणि जागा मात्र धरून ठेवलीस. तुझ्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही. मला तुझा इतका राग आला, आणि इतकं बरंही वाटलं, की मी त्या बाकावर बसून सगळ्यांदेखत रडले.

मग मी दोन्या रेफुहिओला विचारलं, अंपारोच्या तुकडीनंतर कोणती तुकडी येते? ती म्हणाली, तुझीच. मी म्हटलं, मग मला दांडीवर अंपारोचीच जागा द्या. तिने जरा कुरकुर केली, पण दिली.

तर ऐक. धुण्याच्या टाक्यांच्या कोपऱ्यावर तुमची तुकडी बाहेर पडेल आणि आमची आत शिरेल. तुझ्यामागून दांडीखाली येणारी मीच असेन. घंटा वाजली की गुडघा सांभाळून, सावकाश वाकून निघ. तुम्ही उंच बायका निघालात की पालखी दोन बोटं खाली येईल. तेवढं झालं की एकदा मागे वळून बघ.

नंतर माझ्याकडे जेवायलाच ये. खारवलेले मासे मी आदल्या दिवशीच भिजत घालते. गुडघ्याखाली ठेवायला उशी आहे.

टाचा जमिनीवर ठेवून तुझ्या मागे उभी राहणारी,
तुझी तेंचा