शटरवरची थाप

नाना, परवा जळगावात कपड्यांच्या एका नव्या शोरूमचं उद्घाटन झालं आणि त्यालाच जोडून चिमण्या वाचवण्याचा कार्यक्रम होता. वक्ता म्हणून मला बोलावलं होतं. मंडपात प्लायवुडची घरटी रचून ठेवली होती, प्रत्येकावर शोरूमचं नाव चिमणीच्या चित्रापेक्षा मोठं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. लोकांची किळस येते, त्या टाळ्यांची येते, आणि सांगायचं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, कारण शटर म्हणजे काय हे तुम्हालाच ठाऊक होतं.

धुळ्यात आपल्या गल्लीतली धाब्याची मातीची छतं पाडून स्लॅब आले, तेव्हा लाकडी कड्यांमधल्या फटी गेल्या आणि चिमण्या थेट तुमच्या धंद्यात शिरल्या. दुकानांच्या शटरवर जो पत्र्याचा डबा असतो, ज्यात पट्ट्यांची गुंडाळी फिरते, त्यात त्यांनी घर केलं. गवत मिळेना तर जिनिंगच्या गाड्यांवरून उडालेला कापूस उचलला, पोत्यांचे प्लास्टिकचे दोरे उचलले. माणसानं दार बंद केलं की चिमणी दाराच्या वरच राहायला जाते, एवढी तिची अक्कल. तुम्ही शटरमिस्त्री, मी तुमचा पोरगा आणि हाताखालचा गडी. तुमचा एक नियम होता. बरेच दिवस बंद असलेलं शटर उचलायच्या आधी तळहातानं दोन थापा मारायच्या आणि पत्र्याला कान लावायचा. ‘‘आधी थाप मार, मंग कान लाव. घरमा कोन शे ते इचार,’’ असं तुम्ही मला शिकवलंत. आग्रा रोडवरच्या त्या भांड्यांच्या शेठचं दुकान आठवतं? ते गावाहून परतले आणि तुम्ही त्यांचं शटर उघडूच देईनात. ‘‘मांगे बारीक दार शे ना शेठ. वीस दिन तठून या.’’ शेठ कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘‘आणि गिऱ्हाईकाला काय सांगू मिस्त्री? चिमणीचं बाळंतपण चालू आहे?’’ तुम्ही मान हलवलीत. ‘‘तसंच सांगा.’’ शेठ चिडचिडले, पण मागच्या दारानं दुकान चालवलं. आठवडाभरानं आपण गेलो, तर तेच एका बाईला दटावत होते, ‘‘हळू बोला ताई, वर पिल्लं आहेत.’’

मग बोदवडचं गोदाम. मी कॉलेजात होतो, वक्तृत्वाची ढाल नुकतीच जिंकली होती आणि दुसऱ्या दिवशी भुसावळला पुढची स्पर्धा होती. तुम्ही ग्रीसचा डबा आणायला गेलात. मी भाषण मोठ्यानं घोकत होतो आणि घोकता घोकता शटर उचललं. थाप नाही, कान नाही. पट्ट्या वर गुंडाळल्या गेल्या आणि कापसासकट जे खाली आलं ते माझ्या चपलेवर पडलं. तुम्ही आलात, उकिडवे बसलात, पिल्लं बोटांनी उचलून हातरुमालात ठेवलीत. एक अजून चोच उघडत होतं. मी खूप बोललो. चुकून झालं, मला काय माहीत, दोन दिवस झोप नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, ‘‘बोलता येस तुले. आयकता येत नही.’’ दुपारी तुम्ही भाकरीचं फडकं सोडलं नाही. भाकरी तशीच बांधलेली घरी परत आली. मी भुसावळची स्पर्धा जिंकलो. ढाल दाखवली तेव्हा तुम्ही ती हातात घेतलीत, पुसलीत आणि फळीवर ठेवलीत.

परवाची इमारत सगळी काचेची. तिथं मुंगीलाही फट नाही. पण शटर मोटारीवरचं, आणि मोटारीची वायर आत न्यायला वरच्या डब्याला भोक पाडलेलं. मुहूर्ताची वाट पाहत शटर महिनाभर खाली होतं. तेवढ्या भोकातून चिमणीनं वाट काढली होती. मालकांनी रिमोट दाबला. कुणी शटरला हात लावला नाही, लावायची गरजच उरलेली नाही. पट्ट्या घरघरत वर गेल्या आणि लाल गालिच्यावर कापूस पडला, दोरे पडले, आणि त्यात गुलाबी, पिसं न फुटलेलं असं काहीतरी. मालक हसत म्हणाले, ‘‘अरे, वर कचरा राहिला बघ.’’ फोटोवाला मला म्हणाला, ‘‘आबा, थोडं डावीकडे या, ते फोटोत येतंय.’’ एकानं बुटाच्या टोकानं ते कडेला सारलं. वर मादी चोचीत अळी धरून डब्याभोवती घिरट्या घालत होती. आणि माझ्या हातात माइक आला. मी बोललो, नाना. अंगणातल्या चिमणीवर, माणसाच्या हावरटपणावर, वाचलेलं सगळं ओतून बोललो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, काही चुकलं नाही. बायकांनी डोळे टिपले. त्या कापसापासून चार पावलांवर उभा राहून मी टाळ्या घेतल्या. भेट म्हणून मिळालेलं घरटं आता माझ्या टेबलावर आहे. त्याचं भोक एवढं मोठं आहे की कावळ्याची मान सहज आत जाईल.

मालकाला, फोटोवाल्याला, त्या बुटाला मी दोन दिवस मनात शिव्या घालतो आहे. पण त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. हे पत्र मी ज्या पत्त्यावर टाकावं असा पत्ता नाही, आणि असता तरी टाकायची हिंमत झाली नसती, कारण तुम्ही माझ्याबद्दल जे एकच वाईट बोललात ते खरं नव्हतं. रिमोट दाबायच्या आधी सनई थांबली होती. मी शटरपासून हातभर अंतरावर होतो. थाप मारायचीही गरज नव्हती. आत चिवचिव चालू होती. भाषणाचं पहिलं वाक्य जमून आलं होतं, ते विस्कटू नये म्हणून मी गप्प राहिलो. मला ऐकता येतं, नाना. मी ऐकलं होतं.