तो दिवा कायमचा बंद करायचा आहे

सोमवार, ४ मार्च

आणि वर मलाच विचारतात, तुम्ही काय केलंत. मी काय करणार? मी बोट ठेवलं. दिवा लॅपटॉपने लावला. सगळी बटणं खालून पेटली, पांढरी फटफटीत, आणि ऐन काळोखात मेलेला माणूस उठून चालताना अख्ख्या थिएटरने पाहिला. लोक हसले. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली म्हणे, बरे झाले वाटतं आजोबा.

मेलेला माणूस म्हणजे आमचे हे. नवं नाटक आहे. दुसऱ्या अंकात हे खुर्चीत मरतात. ढग गडगडतात, ब्लॅकआऊट होतो, हे उठून डाव्या विंगेत येतात. दिवे येतात तेव्हा खुर्ची रिकामी आणि दोन्ही मुली रडतात. सगळा अंक त्यावर उभा आहे. विंगेत ट्रंकेवर लॅपटॉप ठेवून मी बसलेली असते. गडगडाटाचं बटण मी दाबते. दाबलं की दिवा.

माझं खरं काम कपडेपटाचं. आवाजवाला सोडून गेला तर दिग्दर्शक सर म्हणाले, बटणंच दाबायची आहेत, तुम्ही बसा. बसले. चौथीपर्यंत शिकलेय म्हणून लोकांना वाटतं हिला काय कळणार. मला शिलाई मशीन उघडून परत लावता येतं. लॅपटॉप त्यापुढे काय, त्याला तर तेलही लागत नाही.

सर म्हणाले, परत दिवा दिसला तर खुर्चीत तक्क्या ठेवायचा, वर शाल. दोरी बांधून विंगेतून ओढला की झालं. तक्क्या हसू करत नाही आणि चहाही मागत नाही. हे बाजूलाच उभे होते. एके काळी तिन्ही अंकांत असायचे. आता हे एक मरण उरलंय.

म्हणून ठरवलंय. उद्यापर्यंत दिवा कायमचा बंद.

मंगळवार, ५ मार्च, दुपारी

बंद केला. नाटकातल्या थोरल्या मुलीने दाखवलं. वरच्या ओळीत दिव्याचं चित्र असलेलं बटण आहे, दोनदा दाबायचं. एवढ्यासाठी काल केवढा तमाशा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, राहू दे गं तो दिवा, काय खातोय तुझं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाने दिव्याबद्दल बोलू नये.

संध्याकाळी

लॅपटॉप बंद करून परत लावला. पेटला.

गुरुवार, ७ मार्च

थोरली म्हणाली सेटिंगमध्ये असेल. गेले सेटिंगमध्ये. तिथे जगातलं सगळं आहे, तेवढा हा दिवा नाही. एका ठिकाणी दाबलं तर अक्षरं मोठी झाली. लहान करायला गेले तर आणखी मोठी झाली. आता पडद्यावर एका वेळी दीड शब्द मावतो. असू दे, वाचायला बरं.

कंपनीला फोन केला. आधी बराच वेळ वाजंत्री ऐकवली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅम, मॉडेल नंबर सांगा, तो लॅपटॉपच्या पोटाखाली असतो. लॅपटॉप उलटा करायला दोन हात लागतात, फोन खांद्यावरून पडला आणि कटला. परत लावला तर परत वाजंत्री. ठेवून दिला. दिवा घालवायला कोणाची परवानगी कशाला हवी?

शनिवार, ९ मार्च

बटणांवर काळी चिकटपट्टी लावली. सगळ्या. आडवी, उभी, वरून दाबून. साधा उपाय कोणाला सुचत नाही, सगळ्यांना सेटिंग पाहिजे.

प्रयोग झाल्यावर

चिकटपट्टी चांगली होती. फक्त कुठलं बटण कुठलं ते कळेना. ह्यांनी प्राण सोडला आणि ढगांऐवजी दारावरची बेल वाजली. नाटकातली धाकटी सवयीने उठून दार उघडायला गेली. सर डोक्याला हात लावून बसले. धाकटी साधी आहे, त्यात माझा काय दोष?

फटींतून दिवा गळत होताच. पण कमी. आणि हे ब्लॅकआऊटमध्ये सरळ माझ्या अंगावर आले, बाण सोडल्यासारखे. म्हणजे ह्यांचं काम चोख आहे. अडचण लॅपटॉपची आहे.

मंगळवार, १२ मार्च

चिकटपट्टी काढली. काही बटणांवरची अक्षरंही तिच्याबरोबर गेली. नाहीतरी सगळी अक्षरं कुठे लागतात.

आज खरा उपाय सुचला. मी शिवणकामाची बाई, शिवणातच उत्तर असणार. जुन्या राजाच्या अंगरख्याचं काळी मखमल पडून होती. त्यातून लॅपटॉपला झबलं शिवलं. पुढे माझे हात घालायला दोन बाह्या, मनगटाला इलॅस्टिक. प्रकाशाचा कण बाहेर येणार नाही.

ह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, एक बाही उघडी ठेव. कशाला, तर म्हणे लॅपटॉपला हवा लागते. मला दमा होता तेव्हा खिडकी उघडायला ह्यांना तीनदा सांगावं लागायचं.

रविवार, १७ मार्च

लॅपटॉपला हवा लागते.

ह्यांच्या मरणाच्या जरा आधी तो आत शिजून बंद पडला. झबलं काढलं, परत चालू केला, आणि चालू होताना तर मेला सगळाच पेटतो, पडद्यासकट. हे चालताना इतके स्वच्छ दिसले की मला ह्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटणही दिसलं. लोक पोट धरून हसले. एकाने टाळी वाजवली.

सरांनी आरडाओरडा केला नाही. त्याचीच भीती वाटते. तक्क्या कपडेपटात आणून ठेवला आणि म्हणाले, ह्याचं माप घेऊन ठेवा, सदरा लागेल. पुढचा शनिवार ही ह्यांची शेवटची संधी.

ट्रंकेबद्दलही काहीतरी बोलत होते. मी तेव्हा झबल्याचा राग काढत होते, ऐकलं नाही. ट्रंकेचा इथे काय संबंध?

तक्क्याचं माप घेतलं. छाती ह्यांच्यापेक्षा भरदार आहे.

मंगळवार, १९ मार्च

दुरुस्तीच्या दुकानात गेले. लॅपटॉपवाला माणूस बरा वाटला. म्हणाला, काकू, आतली दिव्याची वायर काढली तर प्रश्नच मिटला. पण विचार करा, कागदासारखी पातळ असते, परत बसेल न बसेल. मी म्हटलं, कायमचा बंद. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, तुला काय स्टॅम्पपेपरवर देऊ?

हे बरोबर आले होते. म्हणाले, थोडा मंद नाही का करता येणार? लॅपटॉपवाला म्हणाला, येईल की काका, करून देतो. मी दोघांनाही गप्प बसवलं. ह्यांच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि ह्यांना मंद पाहिजे.

घरी येऊन पाहिलं. काळाकुट्ट. बंद करून लावला, तरी काळाकुट्ट. जिंकले. सदऱ्याची शिलाई थांबवली.

शनिवार, २३ मार्च, प्रयोग झाल्यावर

गडगडाट वेळेवर. काळोख असा की डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये. मी विंगेत बसून मनात म्हटलं, बघा आता.

हे आले नाहीत.

दिवे आले तेव्हा मुली रडायला लागल्या होत्या आणि हे रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठाला उभे होते. तोंड लोकांकडे. एक पाय पुढे हवेत, जमीन शोधत होता. पहिल्या रांगेतला एक माणूस धावला आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला. नाहीतर गेले होते खाली.

आज कोणी हसलं नाही.

रविवार, २४ मार्च

सकाळी ह्यांनी आधी चहा संपवला. मग सांगितलं. अंधारात दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. उजेडात ठीक, अंधार झाला की भिंत. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की कामातून गेले. पहिल्या दिवशी काय करावं कळेना, तेवढ्यात माझा लॅपटॉप पेटला. तेव्हापासून त्या दिव्याकडे बघून चालत येत होते.

मी म्हटलं, मग तोंडाला काय झालं होतं? तर म्हणाले, राहू दे म्हटलं होतं. बाही उघडी ठेव म्हटलं होतं. मंद कर म्हटलं होतं.

ह्याला सांगणं म्हणतात का? सांगायचं तर धड सांगावं.

सरांकडे दोघं गेलो. सर ऐकून घेऊन म्हणाले, दिवा असू दे की मग. ट्रंक भिंतीकडे फिरवून ठेवली तर उजेड प्रेक्षकांना दिसणार नाही, फक्त ह्यांना दिसेल. त्या रविवारीच तुम्हाला म्हणालो होतो. मी म्हटलं, नीट म्हणायचं होतं.

दिवा लावा, नाहीतर येत्या शनिवारी तक्क्या. काठावरून पडलेला माणूस त्यांना नको. मलाही नको.

सोमवार, २५ मार्च

लॅपटॉपवाला म्हणतो वायर बसत नाही. काढतानाच फाटली. नवी मागवली तर येईल, कधी येईल सांगता येत नाही. वर म्हणतो, काकू, तुम्हीच कायमचा म्हणालात. माणसाने गिऱ्हाइकाचं इतकं ऐकू नये.

इतर उपाय करून पाहिले. सरांनी जमिनीवर चमकणारी पट्टी लावली, ती ह्यांना दिसत नाही. मी आत जाऊन हाताला धरून आणते म्हटलं, तर गडगडाट कोण देणार, आणि त्या काळोखात मला तरी कुठे दिसतंय. मग विंगेतून खोकून पाहिलं. हे खोकल्याच्या दिशेने बरोबर आले. पण सर म्हणाले, माणूस मेल्यावर त्याचा खोकला कसा ऐकू येईल? मोठा गडगडाट लावला तर खोकला ह्यांनाही ऐकू येत नाही.

बुधवार, २७ मार्च

हे घरी डोळे मिटून सराव करतात. खुर्चीतून उठायचं, हात पुढे, दारापर्यंत. मधलं स्टूल मी उचलून बाजूला ठेवलं. ह्यांना सांगितलं नाही. दारापर्यंत पोचले की खूश होतात. तक्क्याचा सदरा सरांनी परत मागितला. एक बाही उलटी लावलीय, परत उसवायला दिवस जाईल.

दुपारी दुकानात जाऊन लॅपटॉपवाल्याच्या समोर उभी राहिले. सगळी बटणं नकोत म्हटलं. एकच पेटव, कोपऱ्यातलं, कुठलंही, अक्षर गेलेलं असलं तरी चालेल. जमतंय की नाही ते शुक्रवारी दुकान बंद करायच्या आत सांग. बघतो, करतो, असलं नको, हो किंवा नाही सांग. शनिवारी त्या खुर्चीत कोणाला बसवायचं ते मला आदल्या दिवशी कळलं पाहिजे.