बी शिफ्टची तुतारी

आप्पा, तुमची वही सापडली. आईने स्वयंपाकघरातली फळी पुसायला घेतली, तेव्हा जुन्या टेपच्या मागे निघाली. काल दुपारी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. रडू वगैरे आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आलं नव्हतं आणि आता सतरा वर्षांनी यायचं काही कारण नाही. पण वहीत एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल तुमच्याशी बोलायला हवं असं वाटतंय.

कुरकुंभला तुमच्या कंपनीत नवा प्लांट चालू करून द्यायला तो जर्मन साहेब आला होता. चार महिने तुमच्या शेजारी उभं राहून काम केलं आणि जाताना तुम्हाला दोन कॅसेट्स देऊन गेला. एकच जर्मन ऑपेरा, म्हणजे आपल्या भाषेत संगीत नाटक, पण दोन वेगवेगळ्या मंडळींनी गायलेलं. तेच ते दोनदा कशाला ऐकायचं, असं आईने विचारलं. तुम्ही म्हणालात, "अगं, प्लांट एकच, माल एकच, तरी ए शिफ्टची बॅच आन् बी शिफ्टची बॅच येगळी पडती का न्हाई? तसंच हाय हे." आणि मार्करने एका कॅसेटवर ए आणि दुसरीवर बी लिहून टाकलंत. गोष्ट तुम्हाला साहेबाने हातवारे करून सांगितली होती, आम्हालाही तुम्ही तशीच सांगितलीत. नवऱ्याला तळघरात कोंडलंय, बायको पुरुषाचे कपडे घालून त्याच तुरुंगात नोकरीला लागलीय, आणि दुष्ट अधिकारी नवऱ्याला मारणार एवढ्यात लांबून सुटकेची तुतारी वाजते. आई भाकरी थापता थापता त्या बायकोचं गाणं ऐकून म्हणाली, "ही नवऱ्याला सोडवाया आलीया का भांडाया?"

मग दर सुट्टीच्या दिवशी सकाळी हाच कार्यक्रम. दौंडच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही पाटावर बसलेले, समोर मी गृहपाठाची वही घेऊन, आणि तुमच्या मांडीवर तुमची वही, प्लांटच्या लॉगशीटसारखे रकाने आखलेली. ए शिफ्टला घरी जायची घाई हाय, असं तुम्ही लिहिलंय. बी शिफ्टवाले वॉल्व्ह हळू खोलत्यात. कैदी उजेडात येऊन गातात तिथे ए मध्ये मोकळे सुटल्यासारखे गातात, बी मध्ये कुणी ऐकेल म्हणून भ्यालेले वाटतात. तुम्हाला बी आवडायची. तुमचे वडील निमोण्याला मेंढरं राखायचे तेव्हा नुसत्या ओरडण्यावरून मेंढी ओळखायचे, तो कान तुमच्याकडे आला होता. निदान तेव्हापर्यंत.

कंप्रेसरच्या आवाजाने तो हळूहळू खाल्ला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, हे तुम्ही आम्हाला विचारायला लागलात. कंपनीत कानाची तपासणी होणार होती, आणि तीत कमी पडलात तर प्लांटवरून उचलून गेटवर बसवतील, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला गेट नको होतं. तपासणीच्या आठवड्यात तुम्ही बी कॅसेट लावलीत, तुतारीची जागा आली आणि गेली. तुम्ही थांबलात. "बी शिफ्टमधी तुतारी वाजतच न्हाई. व्हय ना गं?"

ए मध्ये तुतारी अगदी दारात वाजते. बी मध्ये ती फार लांब आहे, बारीक. पण वाजते. मला स्वच्छ ऐकू आली होती. मी म्हणाले, "न्हाई वाजत, आप्पा." तुम्ही मान हलवलीत आणि लिहिलंत. ते खोटं तुम्हाला पटलं, अशाच समजुतीत मी आजवर होते.

प्लांटवरची एक रीत तुम्ही मला शिकवली होती. एखाद्या गेजचा काटा अडकला तर रकाना मोकळा सोडायचा नाही. शेजारच्या गेजवरून अंदाज घ्यायचा आणि पुढे लिहायचं, अमक्यावरून. "रिकामा रकाना म्हंजी मानूस जागेवर नव्हता," असं तुम्ही म्हणायचात. माझ्या शाळेच्या वहीत कोरी जागा दिसली तरी हेच ऐकवायचात.

त्या दिवशीच्या पानावर तुम्ही लिहिलंय: तुतारी. ए, ठीक. बी, ठीक, पोरीवरून. मला आधी अर्थच लागला नाही. मग पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं. प्रत्येक सुट्टीला तेच. बी, ठीक, पोरीवरून. एका ठिकाणी शेजारी बारीक अक्षरात आहे, मान वर करती. म्हणजे तुतारी वाजली की गृहपाठावरून माझी मान वर व्हायची, आणि मी खोटं बोलले हे तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं. नाटक ऐकत नव्हतातच तुम्ही त्या जागी, माझ्याकडे बघत होतात.

शेवटची नोंद मी पुण्याला नोकरीला लागल्यानंतरची आहे. तोवर तुम्ही गेटवर बसायला लागून दोन वर्षं झाली होती. मला तो दिवस आठवतो. मी दोन दिवसांसाठी आले होते, पहिलाच मोबाइल घेतला होता आणि त्यावर मेसेज टाइप करत बसले होते. तुम्ही बी कॅसेट लावलीत आणि नेहमीसारखे समोर येऊन बसलात. बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, काहीतरी काम सांगायचंय. मी वैतागून विचारलं, "काय बघताय, आप्पा?"

"काय न्हाई," म्हणालात आणि पेनाला टोपण लावलंत.

त्या पानावर ए पुढे ठीक आहे. बी पुढचा रकाना रिकामा आहे.

वही मी परत टेपच्या मागे ठेवून दिली. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दिवशीही तुतारी वाजली असणार, आप्पा. मी जागेवर नव्हते.